ऐक ना, ऐकेना

वेलांटी (धागाकर्ती)

गेलं वर्षभर मी एका ग्रीक मुलीला ऑनलाइन मराठी शिकवते आहे. अत्यंत मेहनती मुलगी. व्याकरणाची वही माझ्यापेक्षा नीट ठेवते. परवाच्या तासाला तिला दिवसभरात काय केलं ते मराठीत सांगायचं होतं. दोन वाक्यं झाल्यावर ती अडखळली, म्हणून मी धीर द्यायला म्हटलं, "बोल ना."

ती गप्प झाली. मला वाटलं, शब्द आठवत असेल. थोड्या वेळाने मी पुन्हा म्हटलं, "अगं, बोल ना!" या वेळी जरा जोर देऊन. तिने चक्क ओठ मिटून घेतले. मग लेखी निरोप आला : तुम्ही दोनदा सांगितलंत बोलू नको म्हणून, माझं काय चुकलं?

तिच्या कोशात 'ना' समोर 'नाही' असं लिहिलं आहे आणि ते खोटं नाही. 'माझी ना नाही' यातला ना तोच. 'ना हरकत' यातलाही तोच. पण 'बोल ना' मध्ये तो नकार कुठे गेला, हे मला सांगता आलं नाही. जन्मभर वापरलेलं एक अक्षर, आणि त्याचा अर्थ विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, याची मला मनापासून चुटपुट लागली. त्या रात्री बसून मी माझ्याच तोंडचे 'ना' लिहून काढले :

येतोस ना? (येणार असं धरून चाललेय.)
ये ना. (विनवणी.)
मी ना, काल एक गंमत पाहिली. (इथे तर काहीच अर्थ नाही, तरी काढला तर वाक्य उघडंबोडकं वाटतं.)
हो ना! (अगदी खरं.)
कधी ना कधी येईल. (नकाराचा शब्द, आणि अर्थ काय, तर नक्की येईल.)
पाऊस थांबेना. (निव्वळ नकार, त्यातही हट्टाचा.)
असेना का! (असला तरी बिघडत नाही.)

सगळ्यात घोळ घालणारी जोडी म्हणजे 'ऐक ना' आणि 'ऐकेना'. पहिल्यात आर्जव, दुसऱ्यात अडेलपणा. मध्ये फक्त एक मात्रा.

त्यात तिच्या भाषेची वेगळीच तऱ्हा. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो! मी घाईघाईत 'नाही'चं 'नै' करते ना, तेव्हा सुरुवातीचे कित्येक आठवडे तिला ते 'हो'सारखं ऐकू येत होतं. आता मला कुतूहल आहे की हा एवढासा आवाज इतर भाषांत काय काय करतो. ज्यांना जी भाषा येते त्यांनी लिहा.

---

अनुस्वार

सुंदर धागा. ग्रीसच्या उत्तरेला बल्गेरिया आणि उत्तर मॅसिडोनिया आहेत. तिथल्या स्लाव भाषांत 'ने' म्हणजे नाही. म्हणजे सीमा ओलांडली की तोच आवाज उलटा होतो. आणि ग्रीकही त्याच इंडो-युरोपीय कुळातली भाषा.

या कुळात नकाराचं मूळ 'न' हेच आहे. संस्कृत न, फारसी न, रशियन न्ये, लॅटिन ने आणि नोन, आयरिश ना, इंग्रजी नो, जर्मन नाइन. जर्मन शब्दात 'न' आणि 'एक' चिकटलेत : एकही नाही. आपल्याकडे तर या न-काराचं अख्खं घराणंच आहे : नाही, नको, नये, नव्हे, नसणे. प्रत्येकाचं काम वेगळं. नको म्हणजे इच्छा नाही, नये म्हणजे उचित नाही, नव्हे म्हणजे 'ते हे नाही'. मराठी शिकणाऱ्याला हे पाच वेगवेगळे नकार पाठ करावे लागतात, तेव्हा तुमच्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा.

---

पायवाट

'नाराज, नाखूष, नालायक, नाइलाज' यातला ना फारसीकडून आला, तोही याच घराण्यातला. नाराज म्हणजे जो राजी नाही तो.

---

वेलांटी

पायवाट, हे मी तिला शिकवलं होतं. पुढच्याच तासाला तिने विचारलं, "मग नाजूक म्हणजे जो 'जूक' नाही तो का?" प्रश्न अगदी रास्त होता. नाजूक हा अख्खा शब्दच फारसी, त्यात नकार नाही. पण आवाज ऐकून हे कळायचं कसं?

---

दुपारची झोप

बंगाली मैत्रिणीमुळे मला ती भाषा बऱ्यापैकी येते. तिथे नकाराचा 'ना' क्रियापदानंतर येतो : 'जाबो ना' म्हणजे जाणार नाही. आणि आर्जवाचा ना पण क्रियापदानंतरच! 'एशो ना' याचा अर्थ 'ये ना' असाही होतो आणि 'येऊ नकोस' असाही. अक्षरं तीच, क्रम तोच, सगळा भार सुरावर. तोंडाने बोललं तर गैरसमज होत नाही. लिहिलं की होतो. तिने एकदा मला निरोपात 'एशो ना' लिहिलं आणि मी गेले नाही. ती वाट बघत बसली होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

---

तिसरा प्रहर

कोकणीत 'ना' म्हणजे स्वच्छ नाही. 'म्हाका खबर ना', मला माहीत नाही. नको साठी 'नाका'.

पण खरी गंमत दक्षिणेकडे वळलात की सुरू होते. तेलुगूत 'ना' म्हणजे माझा, माझी, माझं. 'ना पुस्तकम्' म्हणजे माझं पुस्तक. मराठी कानाला वाटणार, पुस्तक नाही म्हणतोय. कन्नड बोलीत 'ना' म्हणजे मी : 'ना बर्तीनि', मी येतो. तमिळ साहित्यभाषेत 'ना' म्हणजे जीभ. इथे नकाराचा मागमूस नाही, कारण द्राविडी भाषांचा नकार वेगळ्याच धातूंनी चालतो, कन्नडमधल्या 'इल्ल' आणि 'अल्ल'सारखा.

माझी नोकरी तेलुगू भाषकांमध्ये गेली. पहिल्या महिन्यात एक सहकारी आपल्या वस्तूंची यादी वाचत होता. ना हे, ना ते, ना अमुक. मी मनात एकेक वस्तू खोडत गेलो. त्याच्याकडे सगळं होतं, आणि माझ्या यादीत काहीच उरलं नाही.

---

मध्यरात्र

याला जोडून स्वाहिली. तिथे 'ना' म्हणजे 'आणि', 'सह', 'कडून'. एखादी गोष्ट जवळ असणं हेसुद्धा 'ना'नेच सांगतात. 'निना किताबू' म्हणजे माझ्याकडे पुस्तक आहे : नि म्हणजे मी, ना म्हणजे सह, आणि किताबू ही आपल्या ओळखीची अरबी किताब. मी-सह-पुस्तक. तेलुगूत माझं पुस्तक, स्वाहिलीत माझ्याजवळ पुस्तक, आणि मराठीत पुस्तक ना... वाक्य पुरं व्हायची वाट बघावी लागते.

---

काना मात्रा

जपानी शिकतोय, म्हणून लिहितो. जपानीत वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात. अर्थ अगदी आपल्या 'ना?'चा : बरोबर ना? छान आहे ना? शिवाय प्रश्नासाठी वाक्याच्या शेवटी 'का'. 'किमासु का' म्हणजे येता का. पहिल्याच धड्यात मला घरी आल्यासारखं वाटलं.

पण वेलांटी, तुमच्या 'ऐक ना / ऐकेना'ची सख्खी बहीण तिथे सापडली. 'इकू ना' म्हणजे जाऊ नकोस. 'इकी ना' म्हणजे जा. 'जाणे'चं मूळ रूप घेऊन त्याला ना लावला की मनाई. थोडं वेगळं रूप घेऊन लावला की आज्ञा, 'इकी नासाइ' या लांब रूपाचं शेपूट तोडलेली. दोन ना वेगवेगळ्या वाटांनी आलेत. कानाला फरक एका स्वराचा.

हा 'ने' पोर्तुगीजांकडून आला असं वाचलं. पोर्तुगीजमध्येही 'ने?' म्हणजे 'हो की नाही?' जपानी आभाराचा 'अरिगातो' पण पोर्तुगीज 'ओब्रिगादो'वरून आला म्हणतात.

---

अनुस्वार

काना मात्रा, शेवटच्या परिच्छेदाशी मी असहमत. पोर्तुगीज जपानला 1543 मध्ये पोचले. 'अरिगातो' हा 'अरिगाताशी' या अस्सल जपानी शब्दावरून आला, ज्याचा मूळ अर्थ 'असणं अवघड', म्हणजे दुर्मीळ. तो शब्द जपानी साहित्यात त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे. पोर्तुगीज 'ने' हा 'नाउं ए', म्हणजे 'नाही आहे', याचा संकोच. उत्तर जर्मनीतही शेवटी 'ने?' लावतात, ते 'निख्त' म्हणजे नाही याचं उरलेलं टोक. जपानी नकार मात्र 'नाइ'ने होतो आणि वाक्यान्ती येणारी ने, ना, यो, का ही त्या भाषेची जुनी घरची मंडळी आहेत. सारखेपणा हा निव्वळ योगायोग.

---

पडवी

मला हा 'योगायोग' शब्द पटत नाही. एवढे सारखे शब्द निरनिराळ्या भाषांत उगाच कसे येतील? माणसं कधीतरी एकच भाषा बोलत असणार. संस्कृतमधून हे सगळीकडे गेलं, एवढं मान्य करायला काय हरकत आहे?

---

अनुस्वार

पडवी, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून सविस्तर लिहितो.

गुजरातीत 'नो' म्हणजे चा. रामनो भाई म्हणजे रामचा भाऊ. जपानीत 'नो' म्हणजेही चा. 'वाताशी नो' म्हणजे माझा. जागा तीच, नामाच्या मागोमाग. काम तेच. आवाज तोच. आता हे एका आईचे असतील, तर दोन्ही भाषांतले इतर रोजचे शब्दही जुळायला हवेत, निदान ठराविक नियमाने बदललेले दिसायला हवेत. गुजराती बे, त्रण, चार आणि जपानी नि, सान, योन. हात, पाणी, डोळा, काही घ्या. काहीच जुळत नाही. उलट मराठी दोन, लॅटिन दुओ, रशियन द्वा. तीन, त्रेस, त्री. तिथे नियम दिसतो, आणि 'न'चा नकार त्या नियमात बसतो. तेच नातं. शिवाय हे नातं संस्कृतमधून सगळीकडे जाण्याचं नाही. संस्कृत, लॅटिन, ग्रीक या बहिणी आहेत, त्यांची आई आज बोलली जात नाही.

आणि तोकड्या शब्दांचं गणित बघा. जगातल्या जवळजवळ प्रत्येक भाषेत न आहे आणि आ आहे. दोन जोडले की ना. असे एक व्यंजन-एक स्वराचे आवाज कोणत्याही भाषेत मोजकेच, आणि ती अक्षरं भाषा रिकामी ठेवत नाही. रोज हजारदा लागणारी कामं त्यांना देते : नकार, प्रश्न, माझं-तुझं, चा-ची-चे. हजारो भाषा, मूठभर आवाज, मूठभर कामं. जोड्या जुळल्या नाहीत तरच नवल. 'ना'सारखा शब्द नात्याचा पुरावा म्हणून सगळ्यात कमकुवत. मोठा, गुंतागुंतीचा शब्द जुळला तर मी कान टवकारीन.

---

पडवी

गुजराती-जपानीचं उदाहरण पटलं. आकडे ताडून बघितले. मग ग्रीक 'ने' नकाराच्या कुळात राहून होकारी कसा झाला?

---

अनुस्वार

तो मूळचा नकार नव्हेच. जुन्या ग्रीकमध्ये 'नाइ' हे ठासून सांगण्याचं अव्यय होतं, 'खरोखर' अशा अर्थाचं. 'आइ'चा उच्चार काळाच्या ओघात 'ए' झाला आणि तो शेजाऱ्यांच्या नकाराच्या आवाजावर येऊन बसला. दोघांनी एकमेकांना काही दिलं नाही, घेतलं नाही.

पोलिश लोक बोलताना 'नो' म्हणतात ते 'हं, हो' अशा अर्थाने. चेक भाषेत हो म्हणजे 'अनो', आणि घाईत त्याचंही 'नो'. इंग्रजी शिकलेल्या माणसाला पहिल्यांदा ऐकताना धक्काच बसतो.

---

दीर्घ ई

कोरियन लोकांशी माझं रोजचं काम असतं. 'ने' म्हणजे हो. पलीकडचा माणूस 'ने, ने, ने' म्हणत राहतो आणि आपल्याला वाटतं, हा प्रत्येक मुद्दा फेटाळतोय. एका बैठकीत मी प्रस्तावातल्या चार गोष्टी आपणहून मागे घेतल्या. त्या चारही त्यांना मान्य होत्या, हे आठवड्याने कळलं. शब्दाच्या सुरुवातीचा न कोरियन तोंडात कित्येकदा इतका कमी नाकातून येतो की परक्या कानाला 'दे' ऐकू येतो. आणि 'ना' म्हणजे मी, अगदी कन्नडसारखा. (वरची चर्चा वाचून सांगते, नातं नाही!)

मला यातून एक खटकतं. मोठा परका शब्द आला की आपण थांबतो, विचारतो. 'ना', 'ने', 'नो' आले की थांबतच नाही. तो आपला अर्थ घेऊनच कानात शिरतो.

---

तिसरा प्रहर

दीर्घ ई, हेच. माझी ती यादी अशीच रिकामी झाली होती.

---

चौथा सूर

चिनीत ना म्हणताना सूर चढवला तर 'घेणे', खाली नेऊन वर आणला तर 'कोणता', वरून खाली टाकला तर 'तो'. कोणता आणि तो, म्हणजे प्रश्न आणि उत्तर, एकाच अक्षरात. आपण म्हणतो आपल्या भाषेत सुराने अर्थ बदलत नाही. शब्दाचा बदलत नसेल, पण 'हो ना?' आणि 'हो ना!' म्हणून बघा. थाई भाषेतही वाक्याच्या शेवटी मऊपणा आणायला 'ना' लावतात, त्याचा सूर आणि लांबी बदलली की विनंतीची ताकीद होते.

---

जुनी वही

उशिरा आले. दोन गोष्टी.

वेदांत 'न'चे दोन अर्थ आहेत. एक नकार. दुसरा 'सारखा'! ऋग्वेदात 'दुर्मदासो न सुरायाम्' असं आहे. ते 'धुंद नाहीत' असं नाही, 'मद्याने धुंद झालेल्यांसारखे' असं. वेदांतल्या शब्दांचा उलगडा करणाऱ्या 'निरुक्त' या जुन्या ग्रंथात यास्काने हे नोंदवलं आहे की बोलभाषेत न म्हणजे केवळ निषेध, वेदात मात्र दोन्ही. ओळखायचं कसं तेही सांगितलं : ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी न येतो, आणि ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर येतो. वेलांटी, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न किती जुना आहे बघा. तेव्हाही कुणीतरी विचारलंच असणार की हा न कुठला?

दुसरं. ज्ञानेश्वरीत (इ.स. 1290) 'नातरी' पानोपानी भेटतो. अर्थ 'अथवा'. ना तरी, म्हणजे 'ते नसेल तर'. एक उपमा दिली, पुरेशी वाटली नाही, की नातरी म्हणून दुसरी. इथे नकार दार बंद करत नाही, शेजारचं उघडून देतो. हा शब्द आपण बोलण्यातून घालवला याचं मला दुःख आहे.

---

पायवाट

हिब्रूत 'ना' म्हणजे कृपा करून. चर्चमध्ये 'होसान्ना' म्हणतात ते मूळ हिब्रू 'होशिआ ना'. शब्दशः मराठी करा : 'वाचव ना.' एक अक्षर बदलावं लागत नाही, आणि दोन्ही भाषांचा एकमेकींशी संबंध नाही. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

---

मध्यरात्र

फ्रेंचचा एक मुद्दा राहतोय. फ्रेंच नकार 'न' होता, पण एवढासा आवाज पुरेना, म्हणून जोडीला 'पा' आला. पा म्हणजे पाऊल. 'एक पाऊलही चालत नाही' अशी सुरुवात, मग प्रत्येक नकाराला पाऊल. तसेच थेंब आणि कणही वापरायचे. आपण 'तसूभरही हलला नाही', 'काडीमात्र फरक नाही' म्हणतो तसंच. आता बोलण्यातून 'न' गळालाय आणि एकटा पा, ज्यात नकार कधी नव्हताच, तो नाही म्हणतो. डॅनिश भाषातज्ज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1917 मध्ये नकाराच्या या झिजण्या-भरण्याच्या चक्राबद्दल लिहिलं. 'नको'ला, 'नाही'ला आपण जे शब्द चिकटवत असतो त्यातलं उद्या कोण एकटं उरेल कोण जाणे.

---

दुपारची झोप

मग 'अं?' चं काय? न कळल्यावर आपण जे म्हणतो ते. ते तर सगळीकडे सारखंच वाटतं.

---

अनुस्वार

हो, आणि तो अपवाद मला फार आवडतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांतली खरी संभाषणं बारकाईने तपासली होती, आणि नात्यागोत्याच्या नसलेल्या भाषांतही हा उद्गार जवळपास एकसारखा निघाला. कारण काम एकच आहे. समोरच्याला न ताटकळवता, कमीत कमी श्रमात 'परत सांग' म्हणायचं. तिथे गरजच शब्दाला आकार देते. 'ना'ला असं एक काम नाही, म्हणून तो जिथे जातो तिथे वेगळा.

---

पडवी

मी इतका वेळ वाचतोय आणि एकाच 'ना'पाशी थांबलोय. 'मी आहे ना.' आजारपणात माझा मोठा भाऊ एवढंच म्हणायचा. 'मी आहे' म्हणाला असता तर ती माहिती झाली असती. हा ना दुसऱ्या कुठल्या भाषेत नेता येईल का?

---

दुपारची झोप

बंगालीत येईल. 'आमि आछि तो.' पण तिथे 'ना' नाही, 'तो' आहे.

---

वेलांटी

सगळ्यांचे मनापासून आभार. पडवी, तुमचं वाक्य मी काल तिला दिलं. तिने भाषांतर केलं नाही. वहीत तसंच ठेवलं.

तिने मात्र या धाग्यावरून स्वतः एक नियम केला. आज्ञेला चिकटला तर विनवणी : बस ना, ऐक ना. क्रियापद ए-ई करून आलं तर हट्टाचा नकार : बसेना, ऐकेना, जाईना. यास्काचा नियम जागेचा, तर हिचा नियम मोकळ्या जागेचा : लिहिताना मध्ये फट असली की प्रेम, नसली की नाही. मी खूश झाले. लगेच तिने स्वतःच तो मोडला. "असेना का" मध्ये फट नाही, ए आहे, आणि तरी हट्टही नाही, नकारही नाही. शिवाय तिचा पुढचा प्रश्न असा की बोलताना फट कुठे ऐकू येते?

त्याचं उत्तर मला एकटीच्या आवाजाने देता येणार नाही. म्हणून एक विनंती. कुणीतरी फक्त 'नाही ना' हे दोन शब्द वेगवेगळ्या भावनेने म्हणून ध्वनिमुद्रण पाठवाल का? वेगवेगळ्या वयाचे आवाज मिळाले तर फार बरं.

---

जुनी वही

माझा आणि सासूबाईंचा पाठवलाय. मी दोन प्रकारे म्हटलं. 'लागलं नाही ना?' या काळजीचा, आणि 'सांगितलं होतं, पण आला नाही ना' या तक्रारीचा. सासूबाईंनी तिसरा म्हटला, अगदी हळू, ना लांबवून. कुणी गेल्याची बातमी ऐकल्यावर म्हणतात तो. तो मी विसरूनच गेले होते.

---

तिसरा प्रहर

माझाही पाठवतो. संध्याकाळी घरी सगळे असतात तेव्हा.